तिसरं बलस्थान

विद्यापीठाच्या मानव विकास आणि कुटुंब अभ्यास विभागाची बलस्थानं एकूण सात. विभागप्रमुख नूतन मॅडमनी ती चकचकीत कागदावर छापून घेतली होती. पहिली दोन इमारतीची आणि पुस्तकांची. ती निदान डोळ्यांना दिसत तरी होती. तिसरं यशोधरानं दोनदा वाचलं. ‘विभागाच्या समुपदेशनामुळे खोडद येथील विभक्त कुटुंब पुन्हा एकत्र.’

ते कुटुंब तिच्याच वाट्याला आलं होतं. कंत्राटी प्राध्यापक म्हणून लागली त्या वर्षी ती चार वेळा खोडदला गेली होती. राघू आणि गोरक्ष हे सख्खे भाऊ विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडले आणि एका घराची दोन घरं झाली. म्हातारी आई बानूबाई पंधरा दिवस इकडे, पंधरा दिवस तिकडे. यशोधरानं जीव तोडून समजावलं. दोघांनीही तिला चहा पाजला आणि वाटेला लावलं. अहवालात तिनं सरळ लिहिलं होतं, समेट झाला नाही. मॅडमनी छापताना त्यातलं ‘नाही’ तेवढं गिळलं.

“मूल्यांकन समितीला ते घर बघायचंय,” मॅडम म्हणाल्या. “दोघांना दोन तास एकत्र जेवायला बसव. तुझ्या जूनच्या नेमणुकीच्या ऑर्डरचंही मग बघू.”

यशोधराला स्वतःची शिसारी आली, तरी ती गेली. राघूच्या मुलीला, श्रेयाला, विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा हवी होती. तो लगेच तयार झाला. गोरक्षच्या बायकोला, हिराला, विभागाच्या बालवाडीत मदतनीस म्हणून घ्यायचं कबूल झालं, तेव्हा तोही वळला.

“बसतो,” तो म्हणाला. “पन त्यानं माझ्याशी बोलायचं न्हाई.”

हे सगळं बानूबाईला सांगायचं काम यशोधराचं होतं, आणि तिची जीभच उचलली नाही. कारण म्हातारीनं उंबऱ्यातच तिचे दोन्ही हात धरले.

“सात वर्सं झाली बाई. दोगं एका पंगतीला बसल्याली डोळ्यानं बघायची व्हती. तुमचं लई उपकार झालं.”

समिती यायच्या दिवशी म्हातारी पहाटेपासून राघूच्या घरी चुलीपुढं बसली. सुनांना तिनं मासवड्यांना हात लावू दिला नाही. थोरल्याला सारणात खोबरं जास्त लागतं, धाकट्याला लसूण, हे तिलाच ठाऊक होतं. समितीची तीन माणसं आली, ओसरीवर मांडी घालून बसली आणि रस्सा ओरपून जेवली. राघू आणि गोरक्ष मांडीला मांडी लावून बसले होते आणि समोरच्या भिंतीकडे बघत घास चावत होते.

“आजी, आता कसं वाटतंय?” समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

बानूबाईनं पदर डोळ्यांना लावला.

“हे घे,” नूतन मॅडम सोबत आणलेल्या फोटोवाल्याच्या कानाशी लागल्या. “डोळे घे, डोळे. जवळून.”

इतकी घाण यशोधरानं आजवर पाहिली नव्हती, आणि ती कालवण्यात निम्मा हात तिचा होता. उठून खरं सांगावं असं तिला वाटलं. ती बसून राहिली.

गाड्या वळणाआड गेल्या तशी गोरक्षनं अर्धी भाकरी कुत्र्यापुढं टाकली, हिराला हाक मारली आणि तो आपल्या घरी निघून गेला. राघू हात धुऊन यशोधराजवळ आला.

“मॅडम, पोरीचं तेवढं नक्की ना?” एवढं विचारून तो शेताकडे गेला.

बानूबाई आतून तव्यावरची गरम भाकरी घेऊन बाहेर आली. दोन पाट रिकामे होते. ती हातातल्या भाकरीकडे बघत उभी राहिली.

“आजी, मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं,” यशोधरा म्हणाली. “ते सगळं त्या पाहुण्यांना दाखवण्यासाठी होतं.”

म्हातारी शिव्या देईल, निदान तोंड तरी फिरवेल, असं तिला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. म्हातारीनं भाकरी फडक्यात गुंडाळली आणि ती खाली बसली.

“ती मान्सं परत कवा येनार?”

“पाच वर्षांनी.”

“पाच म्हंजी लई झाली गं बाई,” बानूबाई म्हणाली. “त्यांना जरा लवकर बोलवा की.”