भिंतीपलीकडे सोडलेले उंदीर

पिंजरा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पोपट येतो, मित्रांनो. तेवढं आमचं नशीब कुठलं! मी एक जुना पिंजरा आहे खरा, पण उंदरांचा. माझ्याजवळ येऊन कुणी शीळ घातली नाही की मला कुणी कौतुकाने खिडकीत टांगलं नाही. सध्या मी एका शिवणाच्या खोलीत फळीवर असतो. माझ्या पोटात आता दोऱ्यांची रिळं ठेवतात. काम हलकं आहे, तक्रार काही नाही. पण मनावर एक ओझं आहे, आणि ते तुम्हाला सांगून टाकावं असं फार दिवस वाटत होतं.

मला एका पत्रेवाल्याने घडवलं. मोडक्या खोक्याची फळी तळाला, उरलेली जाळी चारी बाजूंनी, आत लोंबता आकडा आणि दाराला स्प्रिंग. आकड्यावरचा तुकडा ओढला की दार खाड्कन पडतं. पत्रेवाल्याने दहा वेळा दार पाडून पाहिलं आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "मिशीसुद्धा बाहेर राहायची नाही, घेऊन जा बिनधास्त." ते ऐकून मी असा फुगलो की विचारू नका. नव्या वस्तूला गर्व फार लवकर चढतो.

ते गिऱ्हाईक म्हणजे एक बाइंडर. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान. शाळांची रजिस्टरं, ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं, कुणाकुणाच्या जुन्या वह्या, सगळं त्याच्याकडे येई. तो पानं शिवायचा, पुठ्ठा चढवायचा, आणि मोठ्या लाकडी दाबात रजिस्टर आवळून त्याच्या कडा लाल रंगाने रंगवायचा. त्याची बायको मागे स्वयंपाकघरात मैद्याची खळ शिजवी. सगळ्या भानगडीचं मूळ ही खळ. माणसांना वाटतं उंदीर पुस्तकांवर टपलेले असतात. अहो, उंदराला कसली आलीय वाचनाची गोडी? त्याला पुठ्ठ्यामागची खळ हवी असते.

पहिल्याच दिवशी मी एक पकडला. बाइंडरची मुलगी, तिला घरात सगळे ठकी म्हणत, ती टाळ्या वाजवत नाचली. शेजारची माणसं येऊन मला बघून गेली. प्रश्न पुढेच होता. ठकीची आई म्हणाली, "बादलीत बुडवा आणि मोकळे व्हा."

"छे छे," बाइंडर म्हणाला, "जीव आहे तो. लांब सोडून येतो."

माणूस मनाचा मऊ होता. माझी कडी सायकलच्या हँडलला अडकवून तो थेट नदीच्या पुलापर्यंत गेला. पलीकडच्या माळावर त्याने माझं दार उघडलं. उंदीर क्षणभर बिचकला आणि गवतात पळाला. परतताना बाइंडर गाणं गुणगुणत होता. मलाही धन्य वाटलं. पकडलं मी, सोडलं त्याने, मेलं कुणी नाही.

पण मित्रांनो, चांगुलपणालाही पाय दुखतात. दुसऱ्या महिन्यात परीक्षा जवळ आल्या, रजिस्टरांचा ढीग वाढला, तेव्हा पूल लांब वाटू लागला. मग खेळाचं मैदान बरं वाटलं. मग मैदानही दूर झालं. शेवटी तो मला घेऊन मागच्या दारी यायचा, बोळ ओलांडायचा आणि समोरच्या भिंतीवर मला तिरका धरून दार उघडायचा. उंदीर पलीकडच्या झुडपांत पडायचा. दोन मिनिटांत काम फत्ते.

"एवढं जवळ?" बायकोने एकदा विचारलं.

"पलीकडे झाडोराच आहे. त्यांचं ते बघतील."

त्याला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी भिंतीवर असताना मला जे दिसायचं ते त्यालाही दिसायचं. झुडपांच्या पुढे दोरी होती, दोरीवर नेहमी धुतलेलं कोरं कापड वाळत असायचं, आणि त्यामागे एक खिडकी होती. खिडकीतून शिवणयंत्राचा आवाज यायचा. आम्ही दोघांनीही तिकडे बघायचं टाळलं. असे आम्ही अकरा-बारा तरी उंदीर त्या भिंतीवरून सोडले.

त्यांतला एक मी विसरणं शक्य नाही. तो सकाळी सापडला, पण बाइंडरला उसंत नव्हती, म्हणून मला दाबाखालीच ठेवलं होतं. वर तो रजिस्टरांच्या कडा रंगवत होता. कोपराचा धक्का लागून वाटी कलंडली आणि लाल रंग जाळीतून थेट उंदराच्या पाठीवर. ठकी हसून लोळायची बाकी राहिली. बाइंडर म्हणाला, "बघ, याचंही बाइंडिंग झालं. पक्का रंग आहे, सहा महिने जायचा नाही." लाल पाठीचा तो उंदीर त्याच दुपारी भिंतीपलीकडे गेला.

तीनेक आठवड्यांनी एक बाई दुकानात आल्या. गळ्यात मोजायची फीत तशीच होती. ठकी त्यांना शिवणकाकू म्हणे. भिंतीपलीकडची खिडकी त्यांचीच.

"भाऊ, तुमच्याकडे पिंजरा आहे म्हणे. चार दिवस द्याल का? उंदरांनी नुसता उच्छाद मांडलाय. शाळेच्या बँडचे अठरा कोट शिवून घडी घालून ठेवले होते. घडीतच कुरतडलेत मेल्यांनी. उलगडून बघते तर एकेका बाहीला भोकांची रांग!"

बाइंडरच्या हातातली सुई थांबली. "अरेरे," तो म्हणाला.

"याआधी उंदराचं नाव नव्हतं हो घरात. आमच्या अण्णांमुळे झालंय सगळं. दिवसभर यंत्राशेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि चहात टोस्ट बुडवून खायचे. सगळीकडे चुरा. कितीदा सांगितलं! शेवटी बोलले मी त्यांना. नको तेवढं बोलले. आता मागच्या खोलीत बसवलंय."

इथे एक वाक्य पुरलं असतं. बाइंडरने ते गिळलं आणि मला पुसून त्यांच्या हातात दिलं. वर आकड्याला लावायला पावाचा तुकडाही दिला. उदारपणा कुठे दाखवावा हे माणसाला अशा वेळी बरोबर सुचतं.

असा मी भिंतीपलीकडे गेलो. शिवणाच्या खोलीत कापडाचे गठ्ठे होते, यंत्र होतं, आणि यंत्राशेजारी फरशीवर खुर्चीच्या चार पायांच्या खुणा होत्या. खुर्ची नव्हती. अण्णा म्हणजे शिवणकाकूंचे वडील. एके काळी घड्याळं दुरुस्त करायचे. मागच्या खोलीत एक खाट, एक हत्यारांची पेटी आणि बाहेरची भिंत दिसणारी खिडकी, एवढाच त्यांचा संसार उरला होता. त्या खोलीत ते कुणाशी बोलणार?

संध्याकाळी त्यांनी मला मांडीवर घेतलं. दार वरखाली करून पाहिलं. "स्प्रिंग कोरडी पडलीय रे तुझी," असं म्हणत पेटीतून तेलाची बारीक कुपी काढून एकच थेंब सोडला. माझ्या आयुष्यात तोवर मला कुणी तेल दिलं नव्हतं. मग त्यांनी बाइंडरचा पाव बाजूला ठेवला आणि आपल्या वाटणीचा टोस्ट मोडून आकड्याला लावला.

"पकड रे बाबा एकदाचा," ते हळूच म्हणाले. "उंदीर गेले की पोरीचा राग जाईल. मग मला पुढच्या खोलीत बसता येईल. यंत्र चालू असलं की बरं वाटतं रे, टिकटिक ऐकल्यासारखं."

मित्रांनो, मला तोंड आहे, पण ते फक्त बंद होतं. मी काय सांगणार होतो त्यांना? तुमच्या चुऱ्याचा काही संबंध नाही, हे उंदीर मीच पकडून मीच इथे ओतलेत, हे मला सांगता आलं असतं तर त्याच क्षणी सांगितलं असतं. निदान तसं मला वाटतं. बाइंडरला तर सांगता येत होतं.

सकाळी माझ्यात उंदीर होता. पाठ लाल.

अण्णांनी डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून त्याला न्याहाळलं. "हा असा लाल कसा गं?"

"लागला असेल माझ्या कापडाचा रंग," शिवणकाकू म्हणाल्या. "बघितलंत ना? तुमचाच टोस्ट खायला आला होता. बोलले तर तुम्हाला राग येतो."

अण्णांनी भिंग काढून खिशात ठेवलं. राग त्यांना आला नव्हता. ते मान खाली घालून "हो" म्हणाले आणि मागच्या खोलीत गेले. त्यांच्यावरचा आळ पक्का झाला, आणि पुरावा माझ्या पोटात होता.

शिवणकाकू मला तसंच घेऊन बाइंडरकडे आल्या. "तुम्हीच याला सोडून या बाई कुठेतरी लांब. मला बघवत नाही."

ठकी दप्तर भरत होती. तिने मला पाहिलं, उंदराला पाहिलं, आणि तिचं तोंड उघडलं. "बाबा, हा तर..."

बाइंडरने तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात जोरात नव्हता, पण ठकी गप्प बसली. शिवणकाकू गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, हा आपलाच आहे."

"उंदीर सगळे सारखेच दिसतात."

"लाल पाठीचे?"

बाइंडरने माझी कडी हातात घेतली. त्या दिवशी काम टाकून तो सायकलवरून पुलापर्यंत गेला, पुलाच्याही पुढे गेला. माळावर दार उघडलं. परतताना गाणं नव्हतं. ठकीने त्याच्याशी बोलणं टाकलं, आणि तिची आई जेवायला वाढताना ताट जरा जोरातच ठेवू लागली. त्याने एकदा चप्पल घातली, बोळापर्यंत गेला आणि परत आला. मला वाटलं, उद्या जाईल. त्यालाही तसंच वाटलं असावं. उद्या उद्या करता आठवडा गेला.

रविवारी सकाळी अण्णा स्वतःच दुकानासमोर आले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात हत्यारांची पेटी. धाकट्या मुलाकडे राहायला निघाले होते. त्याचं गाव बसने पाच तासांवर.

"तिच्यामागे कामाचा व्याप आहे, त्यात माझी कटकट कशाला," ते हसून म्हणाले. मग मला पाहिलं. "पिंजरा छान आहे हं तुमचा. स्प्रिंगला अधूनमधून तेल देत जा."

बाइंडर "हो" म्हणाला. फक्त "हो". अण्णा कोपऱ्यावर वळेपर्यंत तो उभा होता. दार पाडायला मला एक क्षण लागतो, तेवढाच वेळ त्याला हाक मारायला लागला असता. त्याने ती मारली नाही, आणि मी इतका लाजलो की माझी जाळी वितळली असती तर बरं झालं असतं असं वाटलं.

तो आत येऊन बसला. दाबाच्या कडेला जुना लाल डाग होता, तो अंगठ्याने खरवडत राहिला. मग उठला, मला उचललं आणि बोळाला वळसा घालून शिवणकाकूंच्या पुढच्या दारी गेला.

"ताई, ते उंदीर माझे होते."

यंत्र चालूच होतं. "काय म्हणालात?"

"तुमच्याकडे आलेले उंदीर. मीच भिंतीवरून सोडत होतो. तो लाल होता ना, तो रंग माझ्या वाटीतला. अण्णांच्या चुऱ्याने काही झालेलं नाही."

यंत्र थांबलं. मला वाटलं, आता मला उचलून त्याच्या डोक्यात घालतील, आणि घातलं असतं तरी चाललं असतं. पण त्या ओरडल्या नाहीत. सुईखालचं कापड त्यांनी काढून बाजूला ठेवलं.

"मी त्यांना काय काय बोलले, भाऊ," त्या म्हणाल्या. "म्हटलं, माणसासारखं खाता येत नसेल तर उपाशी राहा. स्वतःच्या बापाला! आणि तुम्हाला आठ दिवस माहीत होतं?"

"हो."

"आणि सकाळी ते तुमच्या दारावरूनच गेले ना?"

"हो," बाइंडर म्हणाला, आणि रडू लागला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने शिवणकाकू गेल्या. इकडे बाइंडर आणि मला घडवणारा पत्रेवाला, दोघांनी मिळून त्यांच्या घरातली भोकं पत्रा ठोकून बुजवली. मग बाइंडरने स्वतःच्या घरातली बुजवली आणि खळीचं पातेलं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. हे त्याने आधीच केलं असतं तर माझी गरजच पडली नसती. मला त्याने परत नेलं नाही. मी तिथेच फळीवर राहिलो.

आठ दिवसांनी अण्णा आले. एकदा विचारून येणारे ते नव्हते, लेकीला दोन फेऱ्या माराव्या लागल्या. खुर्ची पुन्हा चार खुणांवर बसली. शिवणकाकूंनी स्वतः चहा आणला, बशीत तीन टोस्ट ठेवले. बाइंडर येऊन पाया पडला तेव्हा अण्णा म्हणाले, "अहो, झालं गेलं. मला वाटलंच होतं, कापडाचा रंग असा चमकत नाही, हा तुमच्या रजिस्टरांच्या कडांचा." त्यांना वाटलं होतं, आणि तरी ते बोलले नव्हते. लेकीला शेजाऱ्याशी भांडावं लागू नये म्हणून.

मित्रांनो, घरातला त्रास जरूर घालवा. पण तो उचलून कुणाच्या दारात टाकताय तेवढं बघा. आणि चुकून टाकलात, तर दुसऱ्याला बोल लागायच्या आधी तोंड उघडा. तुम्हाला ते उघडता येतं. मी रिळं पोटात घेऊन हेच स्वतःला सांगत असतो, कारण फळीवरून मला अण्णा रोज दिसतात. आता घरात उंदीर नाही, कुणी रागवत नाही. तरी टोस्ट तोंडाकडे नेताना त्यांचा डावा हात आपोआप हनुवटीखाली येतो, ओंजळ करून.

"अण्णा, सांडू दे हो," शिवणकाकू रोज म्हणतात.

"असू दे गं," ते म्हणतात, आणि खाऊन झालं की ओंजळीतला चुरा खिडकीबाहेर टाकून येतात.