हातमोजा, जहाज आणि खतवाले काका

मी कॅसेट बोलतेय. व्हिडिओ कॅसेट! बघा, आलंच तुम्हाला हसू. ‘अजून जिवंत आहे का ही?’ असंच ना? आहे बरं, चांगली ठणठणीत आहे. अधूनमधून खरखरते, पण या वयात कोण खरखरत नाही? माझ्या पोटात एक जुना, गाण्यांनी गच्च भरलेला प्रेमपट आहे. फक्त त्याला शेवट नाही. म्हणजे आहे, पण तो त्याचा नाही. सांगते, जरा दम धरा. मला आधी मागे गुंडाळावं लागतं.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी आणि माझ्या बहिणी, सगळ्या कोऱ्या होतो. कुणाच्या नशिबी कुणाचं तरी लग्न आलं, कुणाच्या नशिबी फुटबॉलचा सामना. मला बाबांनी विकत घेतलं. बाबा बसडेपोत गाड्यांचं वेळापत्रक सांभाळत. आई घरीच कपडे शिवायची. त्यांची मुलगी, ताई, तेव्हा फ्रॉकमध्ये होती, आणि वरच्या मजल्यावर बाबांची बहीण, म्हणजे ताईची आत्या राहायची. आत्या टपाल कचेरीत होती. दिवसभर शिक्के मारून घरी आली की ती नाचायची. आपल्याला नाचता येतं, हे तिचं स्वतःचं मत.

एका शनिवारी आई शिवलेले कपडे पोचवायला गेली होती आणि नेमका तेव्हाच टीव्हीवर तिच्या आवडीचा प्रेमपट लागणार होता. बाबांनी मला यंत्रात घातलं आणि तो अख्खा चित्रपट माझ्यात उतरला. अहाहा! काय सांगू तुम्हाला! मी तर पहिल्या गाण्यालाच खुळी झाले.

नायिका मोठ्या दुकानात हातमोजे विकते. नायक त्याच दुकानात लिफ्ट चालवतो. दोघांचं प्रेम जमतं ते मजल्यांच्या मधे, कारण लिफ्ट अडकते. लिफ्टमध्ये माणसं दोन, पण वाद्यं वाजतात पन्नास. कुठे बसले होते ते वादक, विचारू नका. मग गैरसमज होतो. कुणी एक वाक्य धड बोललं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं, पण मग उरलेली गाणी कुठे घालायची? शेवटी ती जहाजावर चढते. तो तिचा विसरलेला हातमोजा घेऊन धक्क्यावरून धावतो, हाक मारतो. ती पायऱ्यांवर वळते, तोंड उघडते...

आणि इथेच घात झाला. बाबांच्या गॅलरीतला गुलाब फुलत नव्हता. रविवारी सकाळी टीव्हीवर बागकामाचा कार्यक्रम होता. तोही माझ्यातच, चित्रपटाच्या मागे घेऊ म्हणून बाबांनी मला ‘जरासं’ मागे गुंडाळलं. बसच्या वेळा मिनिटामिनिटाला सांभाळणारा माणूस, पण माझ्या बाबतीत त्याचं ‘जरासं’ फारच सैल निघालं.

दुपारी सगळे चहा घेऊन बसले. आई डोळे पुसत होती. नायिका वळली, तोंड उघडलं, आणि पडद्यावर आले गमबूट घातलेले एक टकले गृहस्थ. म्हणाले, “मंडळी, घाई करू नका. आधी मुळं मोकळी करा. मग एक ओंजळ शेणखत.”

आईच्या हातातला कप तसाच राहिला. “अहो! हे काय? ती काय म्हणाली?”

बाबांचा चेहरा असा झाला की ताई खुदकन हसली. मग आत्या हसली. मग आईला राग धरवेना, तीही हसत सुटली. तोवर पडद्यावर ते गृहस्थ गंभीरपणे खत कालवत होते.

तेव्हापासून ती या घराची रीतच झाली. कधीही मला लावलं की त्या जागी सगळे उठून उभे राहतात आणि त्या खतवाल्या काकांबरोबर एका सुरात म्हणतात, “मंडळी, घाई करू नका!” मग उरलेला चित्रपट घरचेच करतात. आई नायिका होऊन स्टुलावर चढते. ताई नायक, तिच्या हातात गरम भांडी धरायचा जाड मोजा. आत्या जहाजाचा भोंगा वाजवते, तोंडानेच, खालच्या मजल्यावरचे छतावर काठी आपटेपर्यंत. आणि बाबा गमबूट चढवून काका होतात आणि जहाज थांबवतात. “मुळं मोकळी केल्याशिवाय रोप हलवायचं नाही!” असं दरडावतात, आणि नायिकेला धक्क्यावर उतरवून दोघांचं लग्न लावून देतात. गुलाबही फुलला, हे सांगायचं राहिलंच. काकांचा शब्द म्हणजे शब्द.

अशी ताई मोठी झाली. यंत्र कितीदा बिघडलं, बाबांनी तितक्यांदा ते खोलून उभं केलं. आणि मग आला चष्मेवाला.

तो चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासतो. ताई चष्मा करायला गेली आणि तिथेच जमलं. त्यानं लग्नाचं विचारलं होतं, ताईनं उत्तर दिलं नव्हतं. आईजवळ शिलाई यंत्रापाशी बसून ती म्हणाली ते मी कपाटातून ऐकलं. “माणूस चांगला आहे गं. मला आवडतोही. पण त्याला दिसेल ती गोष्ट नीट करायची असते. आपल्या या वेड्यांच्या बाजारात रमेल का तो?”

“घरी आण,” आई म्हणाली. “बघू.”

आणला. मला लावलं. काका आले, सगळे उठले, भोंगा वाजला. चष्मेवाला सोफ्यावर ताठ बसून राहिला. सगळं संपल्यावर हळूच म्हणाला, “म्हणजे... याला शेवटच नाही?” ताई रिकामे कप उचलून आत गेली. झालं, संपलं, मी मनात म्हटलं.

पुढच्या रविवारी तो आला तोच विजयी मुद्रेनं. त्यानं कुठून कुठून शोधून अख्खा चित्रपट मिळवला होता. स्वच्छ, लख्ख, एक ओरखडा नाही. “आता तुम्हाला शेवट बघता येईल,” तो आईला म्हणाला. किती प्रेमानं आणलं होतं हो त्यानं! आणि मला कपाटात स्वतःचीच काळजी लागली. अख्खा मिळाल्यावर अर्धी कोण ठेवतं?

चित्रपट लागला. हातमोज्यांचा रंग निळा होता, हे घराला इतक्या वर्षांनी कळलं. माझ्यात तो राखाडीच दिसतो. मी कपाटाच्या काचेतून बघत होते. नायिका पायऱ्यांवर वळली. तोंड उघडलं. सगळे पुढे सरकले.

“अरे, माझा मोजा!” नायिका म्हणाली. खाली उतरली. मिठी. समाप्त.



“छान होतं,” आई म्हणाली. पाहुण्यानं आणलेली साडी आवडली नाही की म्हणतात, अगदी तसं.

“पण...” आत्याला राहवेना, “खतवाले काका?”

ताई खिडकीबाहेर बघत होती. चष्मेवाल्यानं तिच्याकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे. त्याचे कान लाल झाले. तो उठला आणि गॅलरीत गेला. गेला वाटतं, असं मला वाटलं. बाबाही उठले. तेवढ्यात दार ढकलून तो आत आला. पायात बाबांचे गमबूट, दोन नंबर लहान, त्यामुळे बदकासारखा चालत. हातात झारी.

“मंडळी,” त्यानं घसा साफ केला, “घाई करू नका. आधी मुळं मोकळी करा. मग... दोन ओंजळी खत.”

“एक!” बाबा गरजले. “एक ओंजळ! दोन घातल्या तर जळेल ना रोप!”

“चुकलो, काका. एक ओंजळ.”

पुढे काय झालं ते नीट सांगता यायचं नाही, कारण सगळे एकदम ओरडत होते. आत्यानं भोंगा असा वाजवला की खालची काठी ताबडतोब सुरू झाली. आईनं तो जाड मोजा आणून चष्मेवाल्याच्या हातात कोंबला आणि ताईला ढकललं. “आज तू चढ स्टुलावर.” बाबा हातवारे करून जहाज थांबवत होते. चष्मेवाला मोजा उंच धरून बदकासारखा धावत आला आणि थांबला. ताई वळली. तिनं तोंड उघडलं.

जिथे मी नेहमी तुटते, तीच जागा. 

“हो,” ताई म्हणाली.

आणि मग आईनं डोळे पुसले, अगदी पहिल्या रविवारसारखे. बाबा चष्मा पुसत बसले, तो स्वच्छच होता.

ती लख्ख प्रत आता माझ्या शेजारीच असते. स्वभावानं गरीब आहे बिचारी, कुणी तिला लावत नाही. माझी फीत मात्र झिजत चाललीय. नायकाचं नाक एका गाण्यात पुरतं गायब होतं. परवा चष्मेवाल्यानं मला हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं. मला वाटलं, आता हा मला नीट करणार! पण त्यानं फुंकर मारून धूळ उडवली आणि मला यंत्रात सरकवलं.

एवढीच विनवणी आहे तुम्हाला. तुमच्याही कपाटात माझ्यासारखी एखादी अर्धवट असेल, तर तिला पुरी करायच्या फंदात पडू नका. ती लावा, आणि ती तुटेल तिथे उठून उभे राहा.

चला, येते. आत्या भोंग्यासाठी घसा शेकतेय.