ताईला पाठवलेलं माफीपत्र

आमच्या घराण्यात भांडण मायबोलीत होतं आणि माफी इंग्रजीत मागतात. आपल्या भाषेत 'चुकलं' म्हणायला आमची जीभ रेटत नाही. परक्या भाषेत लाज निम्म्याने कमी वाटते.

म्हणून ताईला पत्रही इंग्रजीत. तिच्या व्याह्यांसमोर मी भावोजींच्या घोरण्याची नक्कल केली होती, शेवटच्या शिट्टीसकट. तेव्हापासून दोन महिने अबोला. आता दोन आठवड्यांनी, सोमवारी, तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं, आणि तिच्या उशाशी मी नसेन हे मला सोसवत नव्हतं.

शब्द निवडणं हा तर माझा धंदाच. विमा कंपनीत दावे नाकारल्याची पत्रं मी टाइप करते. आमच्याकडे 'रिग्रेट' म्हणजे वाईट वाटतं, पण आमचं काही चुकलेलं नाही. 'अपॉलजाइज' म्हणजे चूक आमचीच, तीही वकिलाला विचारून. 'सॉरी' साहेब म्हणतात, लिफ्टमध्ये कुणाचा पाय तुडवल्यावर. 'रिग्रेट' लिहिलं तर ताई म्हणणार, शहाणी लांबून हळहळतेय. 'सॉरी' फारच फुकटातलं. तीन दिवस जेवणाची सुट्टी घालवून मी 'अपॉलजाइज'वर शिक्कामोर्तब केलं, 'सोमवारी येऊ का?' असं विचारलं आणि पत्र धाडलं.

आठवडा गेला, उत्तर नाही. शब्दच चुकला, 'सॉरी'च हवं होतं, म्हणून मी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. रविवारी दुपारी थेट तिच्या दारात जाऊन उभी राहिले.

"उत्तर का नाही दिलंस?"

ताईने दवाखान्याच्या पिशवीतून पत्र काढून माझ्या नाकासमोर धरलं. "खाली काय लिहिलंयस?"

तळाशी ऑफिसातली नेहमीची ओळ होती, हाताने सवयीने टाइप केलेली: या पत्राला उत्तर पाठवू नये.

"आणि तू ते ऐकलंस?"

"जन्मात एकदा धाकटीचं ऐकलं, तर हे."

"बरं, पण शब्द कसा वाटला?"

"कुठला शब्द? माझा चष्मा फुटलाय. ह्यांनीच वाचून सांगितलं. 'म्हणते, चुकलं. आणि खाली म्हणते, उत्तर नको.' एवढं बोलून झोपले."

मला हसू येईना. "चुकलंच गं माझं, ताई," मी म्हटलं. कुठल्या भाषेत, ते बोलून झाल्यावर लक्षात आलं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून घोरणं सुरू झालं, शिट्टीसकट. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

ताईने आतलं दार हळूच ओढून घेतलं.

"कर आता," ती म्हणाली. "उद्या टाके पडले की हसता यायचं नाही."