रुचीच्या पोटातली उरलेली पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. कापडाची नाही, प्लॅस्टिकचीही नाही, मांसाची. तुमच्याही पोटात, बरगड्यांच्या आडोशाला थोडी डावीकडे, माझी एक बहीण बसलेली आहे. शाळेच्या पुस्तकात तिला जठर म्हणतात. त्या पुस्तकातल्या चित्राशी माझं रूप जुळणार नाही, कारण मी पूर्ण जठर नाही. कापून झाल्यावर जे उरलं, ती मी.

माझा जन्म चौतीस वर्षांपूर्वी जळगावात झाला, रुचीबरोबरच. तिचे वडील सोहनलाल यांचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान होतं आणि घरात खाण्यापिण्याची ददात नव्हती. मी रिकामी असले की मुठीएवढी व्हायचे, भरले की लिटरभर माल सहज सांभाळायचे. माझं काम तसं धोक्याचं. लोखंडाला गंज चढवील असं आम्ल मी स्वतःच तयार करते आणि ते मलाच खाऊ नये म्हणून आतलं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं विणते. शेव, केळ्याचे वेफर, आजोळची पेजेसारखी बाजरीची राब, सगळं मी मुकाट्याने पचवलं. पोट चांगलं असलं की कुणाला त्याची आठवण येत नाही. ते माझे सुखाचे दिवस होते.

तेविसाव्या वर्षी रुचीचं लग्न झालं आणि आम्ही दोघी धुळ्याला, देवपुरातल्या घरी आलो. नवरा श्रेयांस कापडाचा व्यापारी. सासू सुगनबाई. या घरात पाहुण्याला ताट वाढून भागत नाही. त्याला मनुहार करावी लागते. म्हणजे पोट भरल्यावरही आग्रहाने, हाताने, तोंडात घास घालायचा. ज्याने नाही म्हटलं त्याने वाढणाऱ्याचा अपमान केला. नवी सून तर सगळ्यांची पाहुणी.

"तुला म्हारी सौगन, एक घास," सुगनबाई शपथ घालायच्या.

"मम्मीजी, खरंच जागा नाही."

"चुरम्याला कधी जागा लागते का, बेटा?"

लागते. मी सांगते, लागते. पण मला कुणी विचारलं नाही.

सगळा दोष मनुहारीचा होता असंही मी म्हणणार नाही. थायरॉइड होता, बसून राहणं होतं, आईच्या बाजूची ठेवण होती. अठ्ठाविसाव्या वर्षी रुचीचं वजन एकशे आठ किलो झालं. साखर वाढली, जिना चढताना गुडघे दुखू लागले. तेव्हा श्रेयांसने ऑपरेशनची माहिती काढली. धुळ्यात नको, जळगावात तर नकोच, दोन्हीकडे पाहुणे. म्हणून नाशिक ठरलं. खरं फक्त सुगनबाईंना सांगितलं. बाकी नातेवाइकांना सांगून ठेवलं, की कंबरेच्या उपचारासाठी चाललो आहोत.

त्या दिवशी माझे चार भाग केले असं धरा, तर तीनांहून जास्त भाग बाहेर गेले. राहिलेल्या कडेला बारीक टाचण्यांची रांग मारून मला केळ्यासारखी नळी करून टाकलं. लिटरभर माल घेणारी मी आता एका मोठ्या कपाएवढी उरले. वरचा घुमट गेला. भूक लागल्याचा निरोप मेंदूला पाठवणारं रसायन जास्त करून त्या घुमटातच तयार व्हायचं, त्यामुळे भूकही गेली.

डॉक्टरांनी एक कार्ड दिलं. दिवसातून सहा वेळा खायचं, प्रत्येक वेळी चार-पाच चमचे. पाणी जेवताना नाही. मधल्या वेळात घोट घोट, दिवसभर. भरल्यासारखं वाटलं की त्या क्षणी थांबायचं. गोळ्या जन्मभर. रुचीने ते कार्ड फ्रिजच्या मागच्या भिंतीवर चिकटवलं, पाहुण्यांना दिसू नये अशा जागी.

दीड वर्षात एकेचाळीस किलो वजन उतरलं. मी इतकी नेटाने कधीच राबले नव्हते. आणि कौतुकाची वेळ आली तेव्हा शिरपूरच्या एका लग्नात सुगनबाईंच्या मावसबहिणीने, इंदिराबाईंनी, रुचीला धरून गोल फिरवलं.

"सुगन, सुनेला केलंस काय गं? अर्धी राहिली."

"एकासणे धरलेत तिने," सुगनबाई म्हणाल्या.

एकासणा हे जैनांचं व्रत, म्हणजे दिवसातून एकदाच, एका जागी बसून जेवायचं. उठलं की त्या दिवसाचं जेवण संपलं. सुगनबाईंच्या घरच्या रिवाजात सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा नाही. सुगनबाई स्वतः अकरा वर्षं एकासणे करत होत्या, अख्ख्या जठराने. त्यांची श्रद्धा खरी होती. खोटं होतं ते फक्त हे एक वाक्य, आणि तेही सुनेची लाज झाकायला बोललेलं.

परतताना गाडीत रुची म्हणाली, "मम्मीजी, मी कुठे एकासणे करते?"

"मग धर ना, बेटा. आता बोलून बसले. तुझं काय जातं? असंही तुला भूक कुठे लागते."

श्रेयांस गाडी चालवत होता.

अशा रीतीने, मित्रांनो, जे मी केलं ते तपाच्या नावावर जमा झालं, आणि ते खरं दिसावं म्हणून तप सुरू झालं. सहा वेळचं अन्न एका बैठकीत माझ्यात उतरू लागलं. पर्युषणाच्या पर्वात, जैन स्थानकात, रुचीला शाल आणि नारळ मिळाला. एका वयस्क साध्वीजींनी तिच्या चेहऱ्याकडे बघून हळूच विचारलं, "शरीर साथ देतं ना? आजारपण असेल तर सूट असते, हट्ट करू नये." उत्तर सुगनबाईंनी दिलं, "देतं, महाराजसाहेब." साध्वीजींना ऑपरेशनचं माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्यांनी त्याच दिवशी हे थांबवलं असतं, असं मला अजून वाटतं.

आता माझ्या बाजूचं ऐका. कपभर जागेत ताटभर जेवण तासाभरात घालायचं, तर दोनच गोष्टी होऊ शकतात. भिंत ताणली जाते, नाही तर माल वर चढतो. माझ्या बाबतीत दोन्ही झाल्या. भाकरी-भाजी अडकायची, म्हणून रुचीला मऊ लागू लागलं: तुपात कुस्करलेली बाटी, रबडी, शिरा. ते सरसर खाली उतरतं, अडत नाही, आणि अंगाला लागतं. वजन पुन्हा चढू लागलं. आम्ल अन्ननलिकेत उसळून छातीत आग पडायची. तीन उशा लावून ती बसल्या बसल्या झोपायला शिकली. व्हिटॅमिनच्या गोळ्या संध्याकाळच्या होत्या, त्या सुटल्या. तळपायांना मुंग्या येऊ लागल्या.

हे सगळं बघणारी घरात एकच बाई होती. स्वयंपाक करणारी झुंबरबाई, मूळची शिंदखेड्याकडची. ती ताट उचलताना पुटपुटायची, "भाभी, हाई खानं नही शे, हाई कोंबनं शे."

"हळू बोल," रुची म्हणायची.

गेल्या वर्षी वजन शहाऐंशीवर गेलं. त्यातच नणंदेचं, प्रियलचं लग्न ठरलं. राजस्थानातून सगळं कुळ येणार होतं. वाढलेलं वजन त्यांना दिसू नये म्हणून श्रेयांस रुचीला घेऊन पुन्हा नाशिकला गेला. डॉक्टरांनी नळी घालून मला आतून पाहिलं. एवढ्या वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे बघत होतं. मी लाल, सुजलेली, ताणलेली, होते तशी दिसले.

"पिशवी बरीच मोठी झाली आहे," डॉक्टर म्हणाले. "दिवसातून किती वेळा खाता?"

रुचीने तोंड उघडलं होतं. मला वर हवा सरकल्याचं कळलं.

"सहा वेळा," श्रेयांस म्हणाला. "कार्डाप्रमाणे."

रुचीने तोंड मिटलं.

सहा वेळा खाऊनही पिशवी ताणली गेली, म्हणजे पिशवीच नालायक, असा निष्कर्ष निघाला. दिलेल्या माहितीवरून डॉक्टरांचं चुकलं नाही. माहितीच चुकीची होती. त्यांनी दुसरं ऑपरेशन सुचवलं. माझा अंड्याएवढा तुकडा वर ठेवायचा आणि तो थेट लहान आतड्याला जोडायचा. बाकीची मी पोटातच राहणार, पण माझ्याकडे अन्न कधी येणार नाही. पहिल्यापेक्षा हे जास्त गुंतागुंतीचं, पहिल्या टाक्यांच्या गाठीतून वाट काढत करायचं. धोके त्यांनी नीट समजावून सांगितले. रुचीने सगळ्याला मान डोलावली. मी कशी ताणली गेले ते तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं. ती एक वाक्य बोलली असती तर सुरी थांबली असती.

दवाखान्यात दाखल व्हायचा दिवस आला. सोबतीला झुंबरबाई होती. श्रेयांस खाली कागद भरायला गेला आणि आहारतज्ज्ञ बाई फाइल घेऊन आल्या.

"सहा वेळा खाता म्हणून लिहिलंय. कोणकोणत्या वेळी, ते सांगा."

रुचीने बोटांवर वेळा मोजायला घेतल्या. कोपऱ्यातल्या स्टुलावरून झुंबरबाई म्हणाली, "काय सहा येळ, माय. एकच येळ जेवस ती. मी रांधस, मी वाढस, माले ठाऊक नही का? सूर्य बुडना का पानीना घोट बी नही."

"झुंबरबाई, गप्प," रुची म्हणाली.

"गपच व्हतू मी चार वरीस."

आहारतज्ज्ञ बाईंनी खुर्ची जवळ ओढली. "ताई, हे खरं आहे का?"

आणि तेव्हा रुची जे बोलली ते मी अजून पचवू शकलेले नाही. "खरं आहे. पण ऑपरेशन थांबवू नका, मॅडम. आत जागाच उरली नाही, तर मला घरी कुणाला नाही म्हणावं लागणार नाही."

"जागा आताही नव्हतीच, ताई," बाई म्हणाल्या.

म्हणजे तिला सत्य सुचत नव्हतं असं नाही. पंगतीत नाही म्हणण्यापेक्षा सुरीखाली जाणं तिला हलकं वाटत होतं.

डॉक्टर आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि ऑपरेशन रद्द केलं. "छातीतल्या आगीसाठी पुढे कदाचित करावंही लागेल," ते म्हणाले. "पण तीन महिने कार्डाप्रमाणे खरंच खा. गोळ्या घ्या. मग पुन्हा बघू."

परतीच्या वाटेवर श्रेयांसने मालेगावला पेट्रोल भरलं. मग म्हणाला, "तारीख मिळायला दोन महिने लागले होते."

घरी सुगनबाईंनी झुंबरबाईला दारातच विचारलं, "घरातली गोष्ट दवाखान्यात सांगायची काय गरज होती?"

"त्यासनी इचारं, मी सांगं."

"तुला विचारलं होतं का?"

झुंबरबाई डबे घेऊन स्वयंपाकघरात गेली. दुसऱ्या दिवसापासून तिला येऊ नको म्हणून कळवलं. रुचीने तिच्यासाठी एक शब्द काढला नाही. मी याची नोंद ठेवते, कारण त्या घरात माझ्या बाजूने बोललेली ती एकटी होती.

मग चार दिवस, फक्त चार दिवस, रुची सहा वेळा जेवली. ओट्यापाशी उभ्याने, कपाटाच्या दाराआड. मुगाचं पाणी, दही, अर्धी पोळी. तेवढ्यात माझी सूज उतरू लागली होती. आम्ही फार लवकर माफ करतो, मित्रांनो. तो आमचा दुर्गुण आहे. पाचव्या दिवशी इंदिराबाई लग्नाच्या खरेदीसाठी मुक्कामी आल्या. ताटावर बसताना सुगनबाई त्यांना म्हणाल्या, "रुचीचं एकच वेळ असतं, तिला पोटभर वाढ." रुची बसली. इंदिराबाईंनी वाढलं.

महिन्याभरात श्रेयांसने दुसऱ्या शहरातले दुसरे डॉक्टर शोधले. त्यांच्याकडे आधी मोबाइलवर माहिती भरून पाठवायची असते. या वेळी उत्तर द्यायला श्रेयांस शेजारी नव्हता. तो दुकानात होता. 'दिवसातून किती वेळा खाता' या प्रश्नापर्यंत रुची आली. मग तिने स्वतःच सहाचा आकडा दाबला.

ऑपरेशन येत्या मंगळवारी आहे.

मित्रांनो, सुरीवर माझा राग नाही. ज्यांना गरज होती अशा कितीतरी जणांना तिने जगवलं आहे. मीही दीड वर्ष तिच्या जोरावर चांगली चालले होते. माझी विनंती एवढीच आहे, की तुमच्या घरात कुणी जेवताना 'बास' म्हणालं, तर तो तुमचा अपमान समजू नका. आणि डॉक्टरांनी एखाद्याला प्रश्न विचारला, तर त्याचं उत्तर त्यालाच देऊ द्या. आम्ही आत अंधारात राबतो, आम्हाला तोंड नसतं. तुम्हाला आहे.

मला वाचवायला एक साधं वाक्य पुरलं असतं: 'मम्मीजी, मी संध्याकाळी पण जेवणार आहे.' ते रुचीला येत नाही असं नाही. परवा सकाळी तिने न्हाणीघरात नळ सोडून ते दोनदा म्हणून पाहिलं. मला स्वच्छ ऐकू आलं. मग तिने नळ बंद केला, तोंड पुसलं आणि बाहेर जाऊन एकासण्याच्या ताटावर बसली.