नाकावरचा वळ

मशीन घरी येऊन आठवडा झाला, तरी रोवीनाने मास्क पिशवीतून काढला नव्हता. थकलेल्या फुप्फुसांना झोपेत श्वास पुरत नाही, म्हणून मशीनने हवा आत ढकलायची, एवढंच त्याचं काम. नवी फुप्फुसं मिळेपर्यंत टिकायचं तर हाच आधार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण रोज सकाळी ठणकत्या डोक्याने उठणारी ही बाई म्हणायची, "तो लावला म्हणजे संपलंच!" बापाची, मर्विनची, तिच्यापुढे डाळ शिजत नव्हती.

रविवारी दुपारी तिचा थोरला भाऊ गार्थ आला. आला म्हणजे हिरवळीपर्यंत. सिस्टिक फायब्रोसिस, फुप्फुसं निकामी करत नेणारा जन्मजात आजार, दोघांनाही, आणि एकाच्या छातीतले जंतू दुसऱ्याच्या जिवावर उठायचे, म्हणून दोघं कित्येक वर्षांत एका छपराखाली आली नव्हती. आईच्या अंत्यविधीलाही तो चर्चबाहेरच उभा होता. तो अंगणात खुर्चीवर, ती बंद काचेआड, मध्ये फोन. भांडणं मात्र अगदी घरातली.

"लावलास का गं तो?"

"तुला काय जातंय सांगायला? तुला थोडाच लावायचाय!"

गार्थ गाडीकडे गेला. परतला तो स्वतःचं तसलंच मशीन आणि बॅटरी घेऊन. त्याने मास्क चढवला, न बघता पट्टे आवळले. हात सरावलेला होता.

मास्कची कड त्याच्या नाकावरच्या लाल वळावर नेमकी बसली. तो वळ रोवीना हिवाळाभर बघत होती. 'चष्मा घट्ट होतोय' म्हणाला होता, आणि तिने 'डोकं फुगलंय तुझं' म्हणून चिडवलं होतं.

त्याने मास्क उचलून फोन कानाला लावला. "तू घाबरशील म्हणून बोललो नाही."

"गाढवा! इथे मी एकटीच मरायला टेकलेय असं समजत बसले!"

"मरायला टेकलेला माणूस इथे अल्व्हरस्टोनपर्यंत गाडी हाकत येतो होय? लाव मुकाट्याने."

ती रडली, त्याला आणखी दोन शिव्या घातल्या आणि मग बापाला हाक मारली. मर्विनने पट्टे बसवले. हवा घुसली तशी ती दचकली. काचेपलीकडून गार्थने आपलाही मास्क पुन्हा चढवला आणि हात सावकाश खालीवर केला: झगडू नको, येऊ दे.

मास्कमधून धड बोलता येत नाही. दोघं जन्मात पहिल्यांदाच समोरासमोर गप्प बसली.

मर्विन चहा घेऊन आला तेव्हा रोवीना खुर्चीतच झोपली होती. बाहेर गार्थची बॅटरी संपली होती. मास्क मांडीवर ठेवून तो धापा टाकत तिचा श्वास बघत बसला होता.