बोट त्याचं, बदनामी माझी

मी मकडी बोलून राहिली. दचकू नका, हात जागेवर ठेवा. एका शाळेच्या फळ्यामागे बालपण काढलं, तेवढंच माझं शिक्षण. पण माणसं ओळखायला ते पुरलं.

पुढे मी बळीरामच्या कुलरात राहायला आले. नागपुरात कुलर उन्हाळाभर फिरतो आणि बाकी वर्ष कोपऱ्यात पडतो. तेव्हा तिथली मालकीण मीच. पाणी झिरपवायच्या खसच्या वाळलेल्या ताटीत अंड्यांची पुडी पोटाशी धरून बसले होते. मार्चात बळीरामने न विचारता हात घातला आणि जुनी खस ओढून काढली. पुडी फाटली. मग मीही चावले, कडकडून, नेमकी उजवी तर्जनी.

त्याच बोटावर तो मोहल्ल्यात भाव खायचा. संध्याकाळी कॅरमची फायनल होती, समोर शेजारचा नत्थू.

खरं सांगते, माझा चावा म्हणजे मुंगळ्याच्या वर थोडा. लाल होतो, ठणकतो, उतरतो. पण माणसांना दम कुठला?

"मकडी मुतली वाटते," म्हणत त्याची बायको इंदूबाई आमचूर थापू लागली.

"मुतली नाही वं, चावली," बळीराम कण्हला.

तेवढ्यात नत्थू आला, तेरवीला आल्यासारखं तोंड करून. "आमचुरानं काय होते गा? बिब्ब्याचा चटका पाहिजे. संध्याकाळले बोट लागन ना तुले?"

"तुमाले काहून एवढी काळजी, भाऊजी?"

"हरवायचं तं धडधाकट माणसाले हरवावं, वहिनी."

त्याने खिशातून बिब्बा काढला, सुईला टोचून दिव्यावर धरला. तेल टपटप बोटावर पडलं. मला डोळे आठ. बिब्बा उतू नये, कातडी फुगू नये म्हणून स्वतःच्या हाताला तो घरूनच खोबरेल चोपडून आला होता, हे त्या दोघांच्या चार डोळ्यांना दिसलं नाही.

संध्याकाळी बोट वांग्यासारखं फुगलं. स्ट्रायकर सोंगटीला शिवेना. नत्थूने शील्ड नेली. बळीराम सगळ्यांना सांगत सुटला, "मकडीनं घात केला." इंदूबाईने कुलरात डीडीटी ओतलं. मी तेवढी वाचले.

लोकहो, आम्हाला चप्पल जरूर मारा. पण आधी बिब्बा कोणी आणला तेही विचारत जा.

आता मी छपराच्या कवेलूंवरून नत्थूकडे आले आहे. त्याच्या शील्डमागे राहते. या वयात नवी पुडी पोटाशी आहे. पाहुणा आला की तो शील्ड काढून दाखवतो, आणि उद्या त्याचा काटोलचा साळा येणार आहे.

ये गा नत्थू, घाल हात. बिब्बा बळीरामच्या घरीच राहिला आहे; तू ओरडलास की उपचाराला तोच घेऊन येईल.