तळ चाचपणारा ठोकळा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी ठोकळा आहे. वाण्याच्या तराजूत वजन म्हणून ठेवतात ना, तसला. सहा कोनांचा, माथ्यावर कडी असलेला, पाच किलोचा. सध्या माझा मुक्काम इगतपुरीकडच्या एका मोठ्या धरणात, अठ्ठावीस हात पाण्याखाली आहे. इथे दुपारसुद्धा अंधारीच असते. मासे येतात, मला हुंगतात आणि निघून जातात.

माझा जन्म ओतशाळेतला. माझ्या पोटाखालच्या भोकात शिसं ओतून वजन बरोबर जुळवलं गेलं आणि त्यावर शिक्का बसला. त्या शिक्क्याचा मला भारी ताठा होता. शिरसोंडी गावात पुतळाबाईंच्या दुकानात मी बारा वर्षं तांदूळ आणि नागली तोलली. पाच किलो म्हणजे पाच किलो, दाणा इकडचा तिकडे नाही.

मग धरण झालं आणि शिरसोंडी पाण्याखाली गेली. लोकांनी देवळातली मारुतीची मूर्ती उचलून नव्या वस्तीवर नेली. देऊळ मात्र नेता येईना, ते राहिलं. पुतळाबाईंनी घोटीला दुकान थाटलं, आणि मी गेलो सावळीरामच्या हाती. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. शेती बुडाली, म्हणून त्याने जाळं धरलं.

त्याने पहिलं काम काय केलं असेल? माझ्या पोटातलं शिसं खरवडून काढलं! शिक्काही गेला. मी पाच किलोला कमी भरू लागलो, याची मला आजही लाज वाटते. त्या खळग्यात त्याने मेण भरलं आणि कडीला लांब दोरी बांधली. होडीतून तो मला तळाशी सोडायचा आणि वर ओढून मेणाला काय चिकटलं ते बघायचा. वाळू आली, की खाली नदीचं पात्र. तांबडी माती आली, की खळं. मेण कोरं राहून दोरीतून ‘टण्’ असा धक्का आला, की देवळाच्या पायऱ्या.

लोकांना वाटायचं, सावळीराम पाण्यावरून जातो. तो जायचा गावातून. “आता चावडीवर आलो,” असं तो सहज म्हणायचा आणि होडीतली माणसं नकळत पाय वर घ्यायची. मोबाइलला तिथे रेंज नव्हती, आणि नकाशा उघडला तरी नुसता निळा रंग दिसायचा. त्यामुळे धुक्याच्या दिवसांत सगळे माझीच वाट बघायचे. मला मान होता.

खाली मात्र मी एकटाच असायचो. कधी एखादी चौकट हाताला लागल्यासारखी लागे आणि हळूच हलून बाजूला होई. वेशीजवळच्या विहिरीत मी एकदा उतरलो, तर सगळी दोरी संपली तरी तळ आला नाही. वर येताना कोणीतरी मला क्षणभर धरून ठेवलं. झाडाची फांदी असेल. मी तरी फांदीच म्हणतो. दोरीतून मला वरचं बोलणं ऐकू येई, तेवढाच काय तो आधार.

गेल्या उन्हाळ्यात सावळीराम डोळ्याच्या ऑपरेशनला नाशिकला होता. त्याच महिन्यात धरण आटलं आणि शेतांत टाकायला गाळ न्यायला यंत्रं आली. तो परतेपर्यंत पाणी पुन्हा चढलं होतं. त्याची सून शुभांगी आता त्याच्याबरोबर होडीवर जायची आणि तळाच्या खुणा वहीत लिहायची. तिने सांगून पाहिलं, “मामा, देवळाच्या पायऱ्या हलवल्यात म्हणं.”

“देवाच्या पायऱ्या कोण हलवील? कायतरीच तुझं!” सावळीराम म्हणाला. त्याच्यासाठी विषय तिथेच संपला.

श्रावणातल्या एका सकाळी दोघं पलीकडच्या काठावरून जाळी काढून परत निघाली आणि धुकं उतरलं. होडीचं दुसरं टोक दिसेना. त्या दिवशी सांडव्याचे दरवाजे उघडलेले होते. पाणी कोसळण्याचा आवाज धुक्यात चहूकडून येत होता. सांडवा नेमका कुठे आहे, ते कळायला मार्ग नव्हता. वाट एकच होती. वारा पाठीवर घेऊन पायऱ्यांपर्यंत यायचं आणि तिथून डावीकडे वळायचं, की घर. पायऱ्या चुकून पुढे गेलं आणि मग डावीकडे वळलं, की समोर सांडवा.

सावळीरामने मला सोडलं. गाळ. पुन्हा सोडलं. गाळ. पायऱ्या यायला हव्या होत्या, पण येईनात. बऱ्याच वेळाने एकदाचं ‘टण्’ झालं. त्याने मला वर ओढलं आणि दोघं माझ्यावर वाकली. माझ्या मेणाला शेंदूर लागला होता. ओला, भगवा, ताजा शेंदूर! चव्वेचाळीस वर्षांत मी असं काही वर आणलं नव्हतं.

“मारुतीनं खूण दिली,” सावळीराम हात जोडून म्हणाला. “वळव डावीकडं.”

मित्रांनो, मला खाली स्पर्शातच कळलं होतं. त्या पायऱ्या एकीखाली एक नव्हत्या, कशाही एकमेकींवर रचल्या होत्या. यंत्रं चालवणारी माणसं भाविक असावीत. देवाचा दगड गाळाबरोबर कसा न्यायचा, म्हणून त्यांनी पायऱ्या दूर पुढे नेऊन एका बाजूला ठेवल्या, वर शेंदूर माखला आणि पाण्याच्या स्वाधीन केल्या. मला हे सगळं ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण ठोकळ्याला तोंड कुठून असणार?

शुभांगीने वल्हं पाण्यात घातलं नाही. “मामा, दोरी तिरकी का गेली व्हती? देवळापाशी तर पाणी थिर ऱ्हातं.”

“चव्वेचाळीस वर्सं झाली मला. तू मला माझं गाव दाखवणार का?”

“नाय. पण एक डाव मला टाकू द्या.”

तिने त्याच्या हातातून दोरी घेतली आणि मला सोडलं. मी दोन पायऱ्यांच्या फटीत जाऊन घट्ट बसलो. तिने ओढलं, मी निघालो नाही. दोरी ताणली आणि होडी गर्रकन फिरली. दोन्ही अंगांनी पाणी खळखळत सांडव्याकडे धावत होतं. आता ते सावळीरामलाही दिसलं.

दीड तास मी ती होडी धरून ठेवली. माझी कडी करकरत होती, दोरीचा एकेक पेड तुटत होता, आणि मला आयुष्यात पहिल्यांदाच भीती वाटली. अखेर धुकं फाटलं. सांडव्याचा कठडा दगड मारला तर लागेल इतका जवळ होता, आणि काठ दुसऱ्याच बाजूला.

होडी सोडवायची तर दोरी तोडायलाच हवी होती. सावळीरामने कोयता उचलला. वरून शेवटचं ऐकू आलं ते त्याचं बोलणं, “पोरी, आता तू सांग कुठं वल्हवू. मला माझं गाव सापडत नाय.” मग दोरी सैल झाली आणि एकदम शांतता.

ती दोघं पोहोचली की नाही, हे मला पंधरा दिवस कळलं नाही. दुकानात, होडीत इतकी वर्षं गेली, पण त्या पंधरा दिवसांएवढा मोठा काळ मी काढलेला नाही. मग एके दिवशी वरून दोरीला बांधलेला एक दगड आला. तो चार हात सरकून पुन्हा टेकला, आणखी चार हात सरकला, आणि माझ्या अंगाला लागला. त्याच्या दोरीतून आवाज आला.

“मामा, हितं आधी काय व्हतं?”

“काय नव्हतं. माळ व्हता नुसता.”

“मग मी वहीत पायऱ्या लिहिते.”

“लिव. आन् आधीच्या जागी काट मार.” मग तोच म्हणाला, “मीच मारतो. आन हिकडं पेन.”

त्या वेळी मला मारुतीचे उपकार मानावेसे वाटले. ती दोघं जिवंत होती, आणि म्हातारा आपल्या हाताने गावावर काट मारत होता. मला रडता येत असतं, तर मी रडलो असतो.

मला काढायला येऊ नका, मित्रांनो. मी अजून त्याच फटीत आहे. तुम्ही कधी या पाण्यावर आलात, धुकं उतरलं, आणि तुमच्या दोरीतून अगदी ओळखीचं, खणखणीत ‘टण्’ ऐकू आलं, तर लगेच हात जोडून वळू नका. शेजारी बसलेल्या माणसाला काय वाटतं, ते आधी विचारा. तो आवाज माझा असेल, आणि मी चुकीच्या जागी आहे.